हैदराबाद विरुद्ध मुंबई : संतोष ट्रॉफीच्या तीन फायनल आणि मधेच बदललेला नकाशा

हैदराबाद : हैदराबाद आणि मुंबई यांच्यातली चुरस म्हटली की नांदेड, देगलूर, बीदर, भैंसा या पट्ट्यात गप्पा लगेच क्रिकेटवर येतात. फुटबॉलचं नाव निघत नाही. पण एक काळ असा होता की देशातल्या सर्वांत मानाच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल याच दोन संघांत व्हायची. संतोष ट्रॉफीच्या तीन फायनल त्यांनी एकमेकांविरुद्ध खेळल्या : १९५६-५७, १९५७-५८ आणि १९६३-६४. पहिल्या दोन हैदराबादने जिंकल्या, तिसरी महाराष्ट्राने.

सीमाभागातल्या वाचकासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. या लढती सुरू झाल्या त्याच हंगामात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही संघांच्या राज्यांशी आपला सरकारी संबंध आला. मग आपला संघ कोणता? हा प्रश्न ठेवूनच हा सगळा हिशोब पाहावा लागतो.

स्पर्धा कोणती?

संतोष ट्रॉफी म्हणजे राज्य संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. क्रिकेटमध्ये जी जागा रणजी ट्रॉफीची, तीच फुटबॉलमध्ये हिची. १९४१ साली ती सुरू झाली. संतोष हे गाव आज बांगलादेशात टांगाईलजवळ आहे. तिथले महाराज सर मन्मथनाथ रायचौधुरी हे बंगालच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते, त्यांच्या स्मरणार्थ हा करंडक आहे.

सुरुवातीची कितीतरी वर्षं या स्पर्धेवर बंगालचा कब्जा होता. हैदराबाद १९४९-५० आणि १९५०-५१ असं सलग दोनदा फायनलला पोचलं आणि दोन्ही वेळा बंगालकडून हरलं. मुंबईचाही अनुभव फार वेगळा नव्हता. १९५१-५२ ला बंगालने मुंबईला १-० ने हरवलं. शेवटी १९५४-५५ ला मद्रासमध्ये सर्व्हिसेसला २-१ ने हरवून मुंबईने पहिल्यांदा करंडक उचलला. त्यामुळे १९५६-५७ ला दोघे आमनेसामने आले, तेव्हा मुंबईच्या खात्यात एक विजेतेपद जमा होतं आणि हैदराबादचं खातं रिकामं होतं.

संघ राज्याचा, पण माणसं शहराची

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्पर्धा राज्य संघांची म्हणतात, पण तेव्हाचे हे दोन्ही संघ खरे तर शहरांचे होते. मुंबईचा संघ वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन निवडायची. खेळाडू यायचे ते मुंबईतल्या कंपन्या, रेल्वे आणि क्लब यांच्या संघांतून. टाटा, कॅल्टेक्स ही त्यातली मोठी नावं. मुंबईचा प्रसिद्ध सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्यातल्या आसगावचा. गोलकीपर एस. एस. नारायण यांचा जन्म केरळात ओट्टपालमचा, वाढले माटुंग्याला. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या कुटुंबांची पोरं मुंबईचा शर्ट घालून खेळायची.

हैदराबादची तऱ्हा निराळी. तिथे कंपन्या नव्हत्या, पोलीस खातं होतं. हैदराबाद सिटी पोलीस हा संघ म्हणजेच जवळजवळ हैदराबादचं फुटबॉल. चांगला खेळणाऱ्या पोराला पोलिसात नोकरी मिळायची. नोकरी पक्की म्हणून खेळही पक्का.

रहीमसाहेबांचं हैदराबाद

हे सगळं उभं करणारा माणूस सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. पेशाने शाळामास्तर. काचीगुडा मिडल स्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांमध्ये त्यांनी शिकवलं. काचीगुडा हे नाव मराठवाड्याच्या माणसाला नवं नाही. मनमाडकडून, नांदेडकडून येणाऱ्या कित्येकांसाठी हैदराबाद सुरू व्हायचं तेच या स्टेशनवर, आणि मराठी वस्तीही तिथे जुनी.

१९४३ पासून शेवटपर्यंत रहीम हे हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. १९५० पासून त्यांनी सिटी पोलीस संघाला शिकवायला घेतलं आणि पुढे भारताच्या संघालाही. उजव्या पायाने खेळणाऱ्याला फक्त डाव्या पायाने खेळायला लावायच्या स्पर्धा त्यांनी घेतल्या. चेंडू स्वतःजवळ घोळवत ठेवायला बंदी, लगेच पास द्यायचा, असेही सामने घेतले. हौशी पोरांना कमी साधनांत शिस्त लावायची ही मास्तरकी होती. २०२४ साली आलेला ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा यांच्यावरच बेतलेला आहे.

कूपरेजवर हैदराबादी ठाण

दोन शहरांचा संबंध फक्त संतोष ट्रॉफीपुरता नव्हता. मुंबईची स्वतःची मोठी स्पर्धा म्हणजे रोव्हर्स कप. १८९१ पासूनची जुनी, पुढे कूपरेज मैदानावर भरणारी. हैदराबाद सिटी पोलिसांनी ही स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षं जिंकली. सलग ५ वेळा जिंकणं दुसऱ्या कुठल्याही संघाला जमलं नाही.

१९५७ ला हैदराबाद पोलिसांनी आणखी एकदा रोव्हर्स जिंकला. राज्य बदलल्यावर हाच संघ आंध्र पोलीस म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या नावाने १९६० ला कप आला, १९६२ ला ईस्ट बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद मिळालं आणि १९६३-६४ ला पुन्हा कप आला. एकूण ९ वेळा रोव्हर्स कप हैदराबादच्या पोलिसांकडे गेला. दिल्लीचा ड्युरँड कपही त्यांनी १९५०, १९५४, १९५७ आणि १९६१ असा चारदा नेला.

म्हणजे मुंबईच्या फुटबॉल शौकिनाला हैदराबादचा संघ नवखा नव्हता. दरवर्षी तो आपल्याच अंगणात येऊन करंडक घेऊन जाताना दिसत होता. संतोष ट्रॉफीत दोघे भेटले तेव्हा ही पार्श्वभूमी होती.

१९५६-५७ : त्रिवेंद्रमला दोनदा खेळलेली फायनल

पहिली फायनल झाली ती केरळात, त्रिवेंद्रमला. सामना १-१ असा सुटला. तेव्हा आजच्यासारखं पेनल्टी मारून निकाल लावायची पद्धत नव्हती. बरोबरी झाली की फायनल पुन्हा खेळायची. दुसऱ्या सामन्यात हैदराबादने मुंबईला ४-१ असं धुऊन काढलं आणि संतोष ट्रॉफी पहिल्यांदा हैदराबादला आली.

आकड्यांत बघितलं तर हा या जोडीतला सर्वांत मोठा विजय. दोन्ही सामने मिळून हैदराबादचे ५ गोल, मुंबईचे २.

१ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९५६

याच हंगामात, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. निजामाच्या काळापासूनचं हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं. तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात गेले. गुलबर्गा, रायचूर आणि बीदरचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि नांदेड मुंबई राज्यात आले.

वाटणी फक्त जिल्ह्यांची नव्हती. बीदरमधून उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके काढून मुंबई राज्याला जोडले. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा इकडे आले. उलट नांदेडमधलं मुधोळ, भैंसा, कुबीर तिकडे गेलं आणि देगलूर तालुक्यातलं बिचकुंदा, जुक्कलही गेलं. एका रात्रीत सोयरे परराज्यातले झाले. सीमाभागातल्या घराघरांत ही हकीकत आजही सांगतात.

बरोबर एक महिन्यानंतर, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. प्रशिक्षक हैदराबादचे रहीम. तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. संघात हैदराबादचे नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन आणि सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचा तरुण तुलसीदास बलराम. गोलकीपर दोन : हैदराबादेत जन्मलेले पीटर थंगराज आणि मुंबईचे नारायण.

सेमीफायनलमध्येही पहिला गोल डिसूझानेच केला, पण युगोस्लाव्हियाने ४-१ ने सामना काढला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली ही भारताची आजवरची सर्वांत चांगली कामगिरी. इकडे कागदावर एका राज्याचे तीन तुकडे झाले होते. तिकडे मैदानावर हैदराबादची शिकवण आणि मुंबईचे गोल एकाच पारड्यात पडले होते.

१९५७-५८ : नसलेल्या राज्याचा संघ

पुढच्या हंगामात फायनलला पुन्हा तेच दोघे, आणि या वेळी सामना खुद्द हैदराबादला. यजमानांनी मुंबईला ३-१ ने हरवलं. सलग दुसरं विजेतेपद.

गंमत बघा. हैदराबाद नावाचं राज्य तोवर नकाशावर उरलंच नव्हतं. तरी विजेत्यांच्या यादीत १९५७-५८ समोर नाव आहे ते ‘हैदराबाद’ असंच. सरकारी कागद बदलले, पण संघटनेची पाटी लगेच बदलली नाही.

मराठवाड्याच्या बाजूने पाहिलं तर कोडं आणखी अवघड होतं. नांदेडचा माणूस आता मुंबई राज्याचा रहिवासी होता. नियमाने त्याचा संघ हरला. पण वर्षभरापूर्वीपर्यंत त्याचं हायकोर्ट हैदराबादला होतं, कॉलेज हैदराबादला होतं, बाजारहाट हैदराबादला होता. जिंकलेला संघही त्याच्या ओळखीच्या शहराचा होता. दोन्हीकडे त्याचा हक्क सांगता येईल, पण दोन्ही संघांची पाळंमुळं शहरातच. हा निकाल नेमका कुणाच्या खात्यात टाकायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१९६३-६४ : मद्रासला परतफेड

तिसऱ्या फायनलपर्यंत दोन्ही संघांची नावं बदलली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि ‘मुंबई’चा ‘महाराष्ट्र’ झाला. तिकडे ‘हैदराबाद’चा ‘आंध्र प्रदेश’ झाला होता.

मधल्या काळात दोन्ही शहरांनी पुन्हा एकदा एकत्र काम केलं होतं. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकलं. प्रशिक्षक रहीमच. संघात हैदराबादचा युसूफ खान होता आणि मुंबईत खेळणारा मूळ गोव्याचा फोर्च्युनाटो फ्रँको होता. रहीमना तेव्हा कॅन्सरने ग्रासलं होतं. ११ जून १९६३ ला ते गेले.

त्यांच्यानंतरच्या पहिल्याच संतोष ट्रॉफीत महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश मद्रासला फायनलमध्ये भेटले. महाराष्ट्राने १-० ने सामना जिंकला. एकच गोल, पण त्याने आधीच्या दोन पराभवांचं उट्टं निघालं. ‘महाराष्ट्र’ या नावाने जिंकलेली ही पहिली संतोष ट्रॉफी. या वेळी मराठवाडा रीतसर जिंकणाऱ्या बाजूला होता.

आंध्र प्रदेशने दोन वर्षांनी, १९६५-६६ ला, क्विलॉनला बंगालविरुद्ध १-१ च्या बरोबरीनंतर १-० ने फायनल जिंकली. हैदराबादच्या फुटबॉलची ती शेवटची संतोष ट्रॉफी. त्यानंतर आजपर्यंत ना आंध्रला मिळाली, ना तेलंगणाला. महाराष्ट्राने पुढे १९९०-९१ आणि १९९९-२००० ला, दोन्ही वेळा फायनलमध्ये केरळला हरवून, आणखी दोनदा ती जिंकली.

घसरण का झाली?

एकच कारण सांगता येणार नाही, पण पैशाची बाजू सरळ आहे. हैदराबादचं फुटबॉल पोलीस भरतीवर उभं होतं, मुंबईचं कंपन्यांच्या क्रीडा खात्यांवर. खेळाडूचा पगार हा खेळाचा पगार नव्हता, नोकरीचा होता. नोकऱ्या कमी झाल्या, कंपनीने संघ गुंडाळला, की खेळाडू उघड्यावर.

दुसरीकडे कलकत्त्याचे मोठे क्लब चांगल्या पोराला लगेच उचलून न्यायचे. बलराम १९५७ लाच ईस्ट बंगालला गेला आणि त्याचं पुढचं नाव झालं ते बंगालमध्ये. आणि रहीमसाहेबांसारखा एकाच वेळी शाळा, संघटना, पोलीस संघ आणि भारताचा संघ सांभाळणारा माणूस पुन्हा हैदराबादला मिळाला नाही. २००१ नंतर रोव्हर्स कपही बंद पडला आणि दोन शहरांतला हा जुना दुवाही तुटला.

क्लबांचा जमाना

गेल्या काही वर्षांत हैदराबाद-मुंबई लढत पुन्हा दिसली, पण वेगळ्या रूपात. इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी एफसी २०१४ पासून होता. २०१९ ला पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याच्या जागेवर हैदराबाद एफसी आला. म्हणजे महाराष्ट्राच्या एका शहराची जागा हैदराबादला मिळाली. नकाशाचा खेळ पुन्हा, फक्त उलट दिशेने.

२०२०-२१ ला मुंबई सिटी विजेता ठरला. २०२१-२२ ला हैदराबादने मुंबईला साखळीत दोन्ही वेळा हरवलं आणि २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर ३-१ ने हरवून लीग जिंकली. कोरोनामुळे या दोन्ही हंगामांतले सगळे सामने गोव्यात झाले.

त्यानंतरच्या हंगामाची सुरुवातही अशीच गमतीची. ९ ऑक्टोबर २०२२ ला हैदराबादचा ‘घरचा’ सामना मुंबईविरुद्ध झाला तो पुण्यात, बालेवाडीला. निकाल ३-३. त्या हंगामात साखळीत मुंबई पहिली, हैदराबाद दुसरं.

पण पैशाचं गणित इथेही बिघडलं. २०२३-२४ ला हैदराबाद एफसी आर्थिक अडचणीत येऊन साखळीत तळाला गेला. मालक बदलले. २०२५ ला क्लबच दिल्लीला हलला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्याहून आलेली जागा सहा वर्षांत दिल्लीला गेली. आंध्र पोलिसांचा संघ नाव बदलून हैदराबादलाच राहिला होता, या क्लबचं नावही गेलं आणि गावही.

यजमान हैदराबाद, पण समोर मुंबई नाही

डिसेंबर २०२४ मध्ये संतोष ट्रॉफीची अंतिम फेरी हैदराबादला झाली. याआधी इथे ही स्पर्धा १९६६-६७ ला भरली होती. सामने डेक्कन अरीना आणि गच्चीबावलीला झाले. ३१ डिसेंबरला पश्चिम बंगालने केरळला १-० ने हरवून करंडक नेला.

यजमान म्हणून तेलंगणाला थेट जागा होती, पण संघ गटातच बाहेर पडला. महाराष्ट्र तर अंतिम फेरीच्या १२ संघांतही नव्हता. ज्या शहरात १९५७-५८ ला हे दोन संघ करंडकासाठी भिडले, तिथे स्पर्धा परत आली तेव्हा एक प्राथमिक फेरीतच अडकला होता आणि दुसरा बाद फेरीही बघू शकला नाही.

आणि सीमाभाग?

१९५६ ला आणि आजही, नांदेड, बीदर, आदिलाबाद, लातूर इथल्या पोराला मोठं फुटबॉल खेळायचं तर शहर गाठावं लागतं. राज्य बदललं तेव्हा फक्त कुठल्या शहराकडे जायचं ते बदललं. आधी हैदराबाद, मग मुंबई-पुणे, बीदरच्या पोरासाठी बंगळूर. तिन्ही ठिकाणी त्याची ओळख ‘बाहेरून आलेला’ हीच.

त्रिवेंद्रम, हैदराबाद, मद्रास इथल्या त्या चार सामन्यांतून आपला संघ कोणता हे ठरत नाही. पण आपल्या दोन्ही बाजूंची शहरं देशात पहिल्या क्रमांकासाठी भांडत होती, हे मात्र त्यातून पक्कं दिसतं. १९५६ च्या मेलबर्नला ती एकत्र आली तेव्हा भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत होता. आज हैदराबादला आणि मुंबईला सामना बघायला जाणाऱ्या सीमाभागातल्या पोराला एवढं तरी माहीत असावं.

थोडक्यात हिशोब (संतोष ट्रॉफी फायनल)

१९५६-५७, त्रिवेंद्रम : हैदराबाद १, मुंबई १ (बरोबरी). पुन्हा खेळलेला सामना : हैदराबाद ४, मुंबई १.

१९५७-५८, हैदराबाद : हैदराबाद ३, मुंबई १.

१९६३-६४, मद्रास : महाराष्ट्र १, आंध्र प्रदेश ०.

एकूण सामने ४. हैदराबाद-आंध्रचे विजय २, मुंबई-महाराष्ट्राचा १, बरोबरी १. गोल : हैदराबाद-आंध्र ८, मुंबई-महाराष्ट्र ४. मुंबई-महाराष्ट्राने चारही सामन्यांत प्रत्येकी एकच गोल केला. त्यातला शेवटचा तेवढा करंडक देऊन गेला.

एकूण विजेतेपदं : महाराष्ट्र (मुंबईसह) ४, हैदराबाद-आंध्र ३.